पट्ट्याला वारा लागतो

शोभाताई कांबळे गाडीचा मोडलेला भाग कधी शेडच्या कोपऱ्यात पडू द्यायच्या नाहीत. ज्याच्यामुळं तो मोडला, त्याच्यासमोर नेऊन ठेवायच्या. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. दोन हजार सालानंतरची गोष्ट. पन्हाळ्याच्या पुढं डोंगरावर एक नवं रिसॉर्ट निघालं होतं आणि मी तिथं रिसेप्शनवर नुकताच लागलो होतो. ग्रीसनं माखलेल्या निळ्या शर्टातली एक चाळिशीची बाई तरातरा आत आली आणि चहा पीत बसलेल्या एका पाहुण्याच्या कपाशेजारी तिनं रबराचा जळका, दोरे सुटलेला पट्टा ठेवला.

"पावणं, ह्यो तुमचा. ब्रेक दाबून धरून ॲक्सिलेटर पिळत हुता न्हवं? घरी घिऊन जावा."

पाहुणा चहा टाकून उठला. मालकांनी ताईंना आत बोलावून चांगलंच झापलं. बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, की गाडीला तोंड असतं तर तिनंच सांगितलं असतं, नाही म्हणून मला सांगावं लागतं.

ताई गारगोटीकडच्या. आयटीआयला मोटार मेकॅनिकच्या वर्गात मुलगी म्हणून त्या एकट्याच होत्या. नव्वदच्या दशकात त्यांनी कोल्हापुरातली कितीतरी गॅरेजं पालथी घातली. सगळीकडं फोन उचलायला ठेवत. पान्हा हातात घेतला की लोक काम सोडून बघत उभे राहत. तो सगळा राग त्यांनी साठवून ठेवलेला होता आणि तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नाही. कुणी नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायला लागलं, की त्या म्हणायच्या, "आधी झाकण काढा, मग तोंड उघडा."

रिसॉर्टवर पाहुण्यांना डोंगर फिरवायला जाड टायरांच्या चार गाड्या होत्या. चार चाकं, मोटरसायकलसारखं हँडल, आणि गिअर नाहीत. त्या चालतात कशा, असं मी एकदा विचारलं, तर ताईंनी मला शेडमध्ये नेऊन एकीचं झाकणच काढून दाखवलं. आत दोन कप्प्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पट्टा. कप्पीच्या दोन थाळ्या पट्ट्याला दोन्हीकडून दाबून धरतात, त्या दाबावर गाडी ओढली जाते. जिथं दाब तिथं घर्षण, आणि घर्षण म्हटलं की उष्णता. पुढच्या कप्पीच्या पाठीला पंख्यासारखी पाती होती. कप्पी फिरली की ती एका पाइपातून बाहेरचा गार वारा ओढून घेतात. तो पट्ट्यावरून फिरतो आणि दुसऱ्या पाइपानं गरम होऊन बाहेर पडतो. मोटारीचं इंजीन पाण्यानं गार होतं, हा पट्टा नुसत्या वाऱ्यावर जगतो. ताईंनी माझा हात त्या दुसऱ्या पाइपाच्या तोंडाशी धरला. वारा कढत होता.

"ह्यो बाहेर पडतोय तंवर पट्टा जित्ता हाय," त्या म्हणाल्या.

पावसाळ्यात भांडण पेटलं. ओढ्यातून जाताना त्या पाइपांतून पाणी आत शिरायचं, ओला पट्टा घसरायचा आणि गाडी जागच्या जागी घुमायची. पाहुणे खोळंबायचे. मालकांनी हुकूम सोडला, की पाइपांची तोंडं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधून टाका. मी तिथंच होतो. ताईंनी आधी नीट समजावलं, की पाइप वर हँडलपर्यंत चढवू, तोवर ओढ्याची वाट बंद ठेवू. मग त्या ओरडल्या. मालक काही ओरडले नाहीत. ते म्हणाले, जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका, तुम्हाला ठेवून घेतलं हीच आमची चूक. त्या 'तुम्हाला'मध्ये काय काय भरलंय ते ताईंना कळलं, मलाही कळलं. ताईंच्या घरी आजारी आई होती आणि मेकॅनिक म्हणून मिळालेली ही पहिली नोकरी होती. ताईंनी पिशव्या बांधल्या. सुतळी दातांनी तोडताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही.

पुढचा शनिवार, भर दुपार. सर्जेराव नावाचा गाईड, शाहूवाडीकडचा शांत पोरगा, पाहुण्यांना उतरवून रिकामी गाडी चढानं शेडकडं आणत होता. मध्यावर पट्टा तुटला. इंजीन नुसतंच गुरगुरत राहिलं, चाकांना त्याचा आधार उरला नाही. त्यानं ब्रेक दाबला, पण निसरड्या चिखलात चाकं धरेनात. गाडी मागं घसरत येऊन उलटली आणि त्याचा पाय तिच्याखाली सापडला. आम्ही गाडी उचलली तेव्हा तो ओरडतही नव्हता.

याला अपघात म्हणतात. मला तो शब्द आजही सोसत नाही.

सर्जेरावला दवाखान्यात पोहोचवतोय तोवर मालकांनी सांगायला सुरुवात केली, की पोरगा पिऊन शर्यत लावत होता. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा पोरगा. ताईंना त्यांनी बाजूला घेऊन सांगितलं, पोलीस यायच्या आत पिशव्या काढा, नवा पट्टा चढवा. गाडी तोवर शेडमध्ये आणून ठेवली होती. ताईंनी शेडला कुलूप लावलं, किल्ली मुठीत धरली आणि दारात बसल्या. मालकांनी दोन माणसं पाठवली. ताईंकडं बघून ती दोघं आल्या पावली परत गेली.

हवालदार पंचनाम्याला आल्यावर ताईंनीच झाकण उघडलं. पट्ट्याचे दोरे कप्पीभोवती आवळून बसले होते. बाहेरच्या पाइपावरची पिशवी उष्णतेनं आकसून तोंडाला चिकटली होती. रबर जळल्याचा वास सगळ्या शेडभर पसरला.

"मालकांनी बांधाय लावलं," ताई म्हणाल्या. "मी नको म्हटलंतं. आणि बांधलं माझ्या हातानं. तेबी लिवा."

मालक म्हणाले, बाई, यात तुम्हीही अडकाल. ताई म्हणाल्या, "अडकू द्या की."

हुकूम दिलेला मी ऐकला होता, तेही मी तिथंच सांगितलं. आम्हा दोघांची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. पुढं खटल्यात मालकांबरोबर ताईंचंही नाव लागलं आणि वर्षानुवर्षं त्या तारखांना येत राहिल्या. मालक बहुतेक वेळा यायचे नाहीत. त्यांचे वकील यायचे. सर्जेराव पीत होता, हे मात्र कुणाला सिद्ध करता आलं नाही. ताईंनी गारगोटीत बिनगिअरच्या स्कूटरी दुरुस्त करायचं छोटं गॅरेज टाकलं. खटल्याचा निकाल लागायच्या आधीच काविळीनं त्या गेल्या. मालकांनी तोवर डोंगराच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक रिसॉर्ट काढलं होतं. त्याची पाटी दिसली की अजूनही माझ्या मुठी वळतात.

ताईंची माती करून मी आणि सर्जेराव एकाच एसटीनं परत येत होतो. तो काठी दोन्ही गुडघ्यांत धरून बसला होता. ताई त्याच्या घरी जायच्या हे मला ठाऊक नव्हतं. तो सांगत होता, की पहिल्यांदा आल्या तेव्हा त्याच्या आईनं त्यांना उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तरी त्या येतच राहिल्या. शेवटी यानंच त्यांना आत बोलावलं आणि म्हणाला, ताई, तुम्ही बांधलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी बांधलंच असतं.

"तर माझ्यावरच भडकली," सर्जेराव म्हणाला. "म्हणाली, दुसऱ्याचं मला सांगू नगंस. दुसऱ्यानं न्हाय बांधलं, मी बांधलंय."

एसटी घाट उतरत होती.

"त्यानंतर कितींदा आली, पण कसा हायस म्हणून एकदाबी इचारलं न्हाय. आली की समोर बसायची आन् म्हणायची, पाय दाखीव."