दुमडलेले कोपरे

कर्वेनगरातल्या आमच्या वाचनालयातले गृहस्थ परत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी उघडतात आणि दुमडलेले कोपरे अंगठ्याने हळूहळू सरळ करतात. दुपारच्या उन्हात धूळ तरंगत असते, पंखा संथ फिरतो, आणि त्यांना कसलीच घाई नसते. कुणी काही ठामपणे बोललं, की मान वर न करता विचारतात, "हे घडलंय, की वाटतंय?"

आई गेल्यानंतर तिच्या उशाशी राहिलेलं पुस्तक परत करायला मी गेले. "शेवटी तिला आवडेल असं एक पुस्तकही मला आणता आलं नाही," मी म्हणाले.

"आवडलं नाही, असं त्या म्हणाल्या?"

"नाही. पण काही बोललीच नाही ती."

"म्हणजे वाटतंय." त्यांनी पानं उलटली. जागोजागी कोपरे दुमडलेले होते. "अहो, आवडलेल्या पानाचाच कोपरा दुमडायच्या त्या. किती वर्षं सांगितलं, ऐकतील तर शपथ!"

त्यांचा अंगठा एका कोपऱ्यावर क्षणभर टेकला. मग कोपरे तसेच ठेवून त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे सरकवलं.

"आता तुम्ही वाचा. आणि नवे कोपरे दुमडू नका."