पढवलेलं उत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, शाळेतल्या एकाही बाईला नाही. तुम्हाला सांगते. थकले हो मी हे पोटात ठेवून.

पळसदेवच्या बाजूला माझी शाळा. तपासणी येणार म्हटलं की आम्ही काय करतो? पोरांना उत्तरं पढवतो. खिचडी रोज मिळते का — हो. बाई मारतात का — नाही. सगळ्याच शाळा करतात, त्यात कुणाला काही वाटत नाही.

त्या वर्षी राज्याकडून पथक येणार होतं, पण ते पोरांच्या मनाचं विचारणार होतं. झोप लागते का, जगू नये असं वाटतं का. राज्यभर पोरं जिवाचं बरंवाईट करून घेत होती, म्हणून. मला हे कळत नव्हतं? कळत होतं की! पण पथक म्हटलं की पढवायचं — अंगवळणीच पडलेलं. नववीच्या वर्गाला सांगितलं, सगळ्याला 'नाही' म्हणा, उगाच शाळेचं नाव खराब नको.

मागच्या बाकावरून अश्विनी उठली. तिचे वडील उजनीच्या पाण्यात मासे धरतात. म्हणाली, "बाई, खरं आसलं तरी न्हायच म्हणायचं का?"

वर्ग हसला. मीही — हसले. "व्हय गं शहाणे, तरी न्हायच."

याहून सरळ कसं विचारतात? सांगा ना. मी फळा पुसायला वळले.

पथकाला ती 'नाही' म्हणाली. पुढच्या महिन्यात तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचली. मी शहाळं घेऊन बारामतीच्या दवाखान्यात गेले. वडील कॉटजवळ उभे, रडून डोळे सुजलेले. "बघा बाई, सरकारची माणसं येऊन इचारून गेली, तरी ही न्हाय म्हणली. आमच्याशी बी खोटं, त्यांच्याशी बी खोटं. आमाला कसं कळावं?"

अश्विनी माझ्याकडे बघत होती. आता ही बोलणार, असं वाटलं मला. मरणाच्या दारातून आलेली पोर समोर — आणि मला काळजी माझी! लाज वाटते सांगायला. मी म्हणाले — हो, मीच म्हणाले — "पोरं लपवतात हो, दादा."

"बाईंची माफी माग," वडील तिला म्हणाले.

"चुकलं, बाई."

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, "असू दे."