चार्ज दिला होता

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवासमोरही नाही — तिथं नुसता डोळे मिटून उभा राहतो, तोंडच उघडत नाही. तुला सांगतोय, कारण आता सहनच होत नाही रे.

चाकणच्या एका कंपनीत मी पत्रा दाबायच्या प्रेसवर ऑपरेटर. माझी पहिली शिफ्ट सुटली की त्याच मशीनवर सिद्धार्थ यायचा — काळेवाडीचा, माझा जिवाभावाचा दोस्त. शिफ्ट बदलताना चार्ज द्यायचा असतो. म्हणजे मशीनची काय तक्रार आहे, काय बदललंय, ते पुढच्याला मशीनपाशी उभं राहून सांगायचं. पाच मिनिटांचं काम. आम्ही त्या पाच मिनिटांत काय करायचो? फुटबॉल! युरोपातली आजवरची सगळ्यात भारी टीम कोणती — वर्षभर हाच वाद. तो मिलानच्या जुन्या टीमचा. टेबलावर चार वॉशर ओळीत मांडायचा नि म्हणायचा, बघ भावा, अख्खा डिफेन्स असा एका रेषेत पुढं सरकायचा. मी ओळीनं तीनदा कप नेणाऱ्या माद्रिदवाल्यांचा. वाद संपला की रजिस्टरवर 'मशीन ओके', सही, चला घरी. रोजचंच होतं ते.

त्या दुपारी — कसं सांगू? — प्रेसचा सेफ्टी सेन्सर सारखा उगाच ट्रिप होऊन मशीन बंद पाडत होता. हात आत गेला की प्रेस थांबवतो तो. मेंटेनन्सवाल्यानं तात्पुरता बंद केला आणि मला बजावलं, पुढच्याला सांग. सांगणार होतोच की! पण सिद्धार्थ आला तो हसतच, वॉशर मांडतच. आणि मला नेमकं त्या दिवशी सुचलं — अरे, तुझे मिलानवाले आजच्या वेगात अर्धा तासही टिकले नसते, पहिल्या हाफलाच धापा टाकत बसले असते! गड्यानं मांडलेले वॉशर गोळा केले. पहिल्यांदाच. मला कोण आनंद! 'मशीन ओके' लिहिलं, सही ठोकली आणि निघालो.

तासाभरात त्यानं अडकलेला तुकडा काढायला हात आत घातला. सेन्सर आहे, या भरवशावर. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौकशीत मी सांगितलं — चार्ज दिला होता, रजिस्टरवर सवयीनं ओके लिहिलं, पण सेन्सर बंद आहे असं तोंडी बोललो होतो, त्याचं लक्ष फुटबॉलमध्ये होतं. सगळ्यांना पटलं. त्याचं वेड कुणाला माहीत नव्हतं? पण नुसतं खोटं बोललो असतो तर — थांब, अजून आहे. बस गेटबाहेर पडली तेव्हाच मला सेन्सर आठवला होता. फोन हातात होता. सुपरवायझरला एक कॉल — बस्स! चार्ज न देता गेलास म्हणून झापेल, या भीतीनं लावलाच नाही. दिसेल त्याचं त्याला, म्हटलं. आणि त्याच फोनवरून ग्रुपवर टाकलं: आज मिलानचा निकाल लावला.

दवाखान्यात सिद्धार्थ काय म्हणाला, माहितेय? "तू सांगितलं असशील भावा. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं." शिवी का नाही दिली त्यानं? एकदा तरी? मॅच बघणं सोडलंय त्यानं. वहिनी अजून बोलते त्याला, खेळापायी हात घालवलास म्हणून, आणि तो मान खाली घालून ऐकतो. मी तिथंच बसून चहा पितो.

कंपनीनं त्याला सेफ्टी ट्रेनिंग द्यायला घेतलं. प्रत्येक नव्या बॅचसमोर तो हात वर करून स्वतःची चूक सांगतो. गेल्या सोमवारी त्यानं मलाही पुढं बोलावलं. म्हणाला, "हा माझा दोस्त. यानं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. असा सांगणारा मिळाला तर ऐका रे." सगळ्या हॉलनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि जागेवर जाऊन बसलो.