डोलीचा मागचा खांदा

परदेशात म्हणे तारेला पाळणे टांगून हौशी लोकांना डोंगर दाखवायला वर नेतात. संस्थानच्या महाराजांच्या अमदानीत आमच्या पन्हाळ्याला ती तार म्हणजे आमचे खांदे. बांबूला खुर्ची टांगायची, पावण्याला बसवायचं आणि दोघांनी पायवाटेने गड चढायचा.

मागच्याला समोर फक्त खुर्चीची पाठ दिसते. म्हणून पुढचा वाट सांगायचा, ‘दगड’, ‘वळण’, आणि मागच्याने लगेच ‘हाय’ म्हणायचं. उत्तर आलं नाही तर डोली तिथंच खाली टेकवायची, असा दंडक होता.

मी दोन महिन्यांच्या तापातून नुकता उठलो होतो. पुढचा खांदा माझ्या मामाचा. तो सकाळीच म्हणाला, “आज मधी कुटं डोली टेकली, तर उद्यापास्नं दुसरा गडी बघतो.” मला संताप आला. तापाला काय मी आवतण दिलं होतं? पण मागचा लटपटला तर पावणा दरीत जायचा, हेही खरंच होतं. मेलो तरी टेकवायची नाही, असं ठरवूनच मी बांबू उचलला.

डोलीत गडहिंग्लजचे एक जैन शेटजी होते. वयस्क, अंगाने भरलेले, बोलण्यात कानडी हेल. अर्ध्या चढावर त्यांनी माझी धाप ऐकली.

“उतरतो की रे. चालतो थोडं.”

“बसा पावणं,” मी खेकसलो. त्यांची दया माझ्या पोटावर येणार होती.

शेवटच्या वळणावर पाय चालत होते, पण छातीत श्वास मावेना. मामा ओरडला, “पायरी.” माझ्या तोंडून शब्द फुटेना.

“हाय,” खुर्चीतून शेटजी बोलले.

मामा चालत राहिला. दरवाजापर्यंत प्रत्येक हाकेला शेटजींनीच उत्तर दिलं.

वर पोचल्यावर ते दरी बघायला गेले. मी गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण उसना खांदा मला नको होता.

“मामा, शेवटाला मी बोललो न्हाय. शेटजी बोललं.”

“मला काय कानडी हेल कळत न्हाय व्हय?” मामा पटक्याने घाम पुसत म्हणाला. “बांबू माज्या खांद्यावर हाय, तुजं पाऊल त्यातनं कळतं मला. तुजा पाय चुकला असता, तर तवाच टेकवली असती.”

उतरताना मागचा खांदा मीच दिला. मामाच्या हाकेला इतक्या मोठ्याने ‘हाय’ म्हणत राहिलो, की शेटजींनी कानात बोटं घातली. पायथ्याला डोली ठेवून मामा म्हणाला, “उद्या दिस उगवायला ये.”