सात नंबरचा ताप

शारजाला उतरले. भाचीकडे चार दिवस राहायला चालले, असं घरी सांगितलं होतं. खरं काम अबुधाबीत होतं. माझे जुने सर तिथे मुलाकडे राहत होते. नव्वदी गाठलेल्या त्या माणसापाशी मला एक खोटेपणा कबूल करायचा होता.

अल मजाजच्या घरी भाचीने गरम खुबूस (खमिरी रोटी) आणि उसळ वाढली. सकाळीच टॅक्सी केली. वाळू, खजुरांची रांग, पुन्हा वाळू. मी सारखी "और कितना?" विचारून पेशावरच्या ड्रायव्हरचं डोकं खात होते.

"इन्शाल्ला पहुँचेंगे, अम्मा. आराम से बैठो!"

अबुधाबीलगतच्या खलिफा सिटीत तेव्हा घरं थोडी आणि सगळी एकसारखी. दोन भलतीच दारं ठोठावल्यावर सरांची सून भेटली. "या ना काकू! सकाळपासून रेडी होऊन बसलेत."

तरुणपणी मी सरांच्या प्रयोगशाळेत होते. टायफसवर (उवांमुळे पसरणारा ताप, टायफॉइड नव्हे) मेलेल्या जंतूंची लस करून पाहत होते. ती गिनिपिगना टोचायची, मग जिवंत जंतू द्यायचे आणि रोज दोनदा ताप मोजायचा. चढला नाही, तर लस लागू पडली. एका रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. मी शनिवारीच तक्त्यात रविवारचे आकडे भरून टाकले. सगळे नॉर्मल. सोमवारी सात नंबरचा पिंजरा रिकामा दिसला. रविवारी रात्री मेला असेल, असं धरून चालले. महिनाभरात लग्न होऊन नोकरीही सुटली.

"ही कुमुद," सर सुनेला म्हणाले. "हिच्या हातात जनावर शांत बसायचं."

मला राहवलं नाही. सगळं भडाभडा सांगितलं.

सर बशीतला चहा फुंकत होते. "सात नंबर रविवारी पहाटेच मेला होता. शिपाई सांगायला घरी आला होता. मेलेल्याला तू दोन वेळचा ताप लिहिलास."

"मग लसीचा अहवाल?"

"ती जनावरांची अख्खी तुकडी मी रद्द केली. पुन्हा सगळं केलं, चार महिने."

मला चक्क राग आला. "मला बोलला का नाहीत, सर?"

"तू सांगशील, म्हणून थांबलो."

परतीच्या विमानात डोळ्याला डोळा लागला नाही. लग्नानंतर दर दिवाळीला मी सरांना पत्र पाठवत आले होते. प्रत्येक पाकीट त्यांनी ते एक वाक्य शोधत फोडलं असेल.