तिसरीच्या वर्गात पेशी उघडून दाखवणाऱ्या मुलाणी बाई

मुलाणी बाई मला प्रथम भेटल्या त्या शनिवारी, सकाळी सव्वाआठ वाजता, मी शेळगावच्या शाळेत फळा पुसत होतो. इंदापूरला विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई आमच्या तिसरीच्या मुलांना दर शनिवारी विनामोबदला शिकवणार होत्या. मी नववीपर्यंत शिकलेला हंगामी शिपाई. माझे अक्षर पाहून बाईंनी तासाला लागणाऱ्या चिठ्ठ्या लिहिण्याचे काम मला दिले. प्रत्येक चिठ्ठी मी तीनदा तपासत असे.

संदेशवाहक आरएनए शिकवण्याच्या दिवशी मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसले. “एवढ्या लहानांना हे झेपलं नाही, तर तास बंद,” असे त्यांनी आधीच बजावले होते.

बाईंची मांडणी सोपी होती. मूळ वही कपाटात राहील; ती पेशीतली माहिती. तिच्यातल्या एका ओळीची नक्कल म्हणजे चिठ्ठी, तो आरएनए. चिठ्ठीतल्या क्रमाने बाकावर मणी ओवायचे. ती माळ म्हणजे प्रथिन. माळ झाली की चिठ्ठी फाडायची. हा नियम मुलांना मी सांगितला.

पण वर्गातल्या स्वरालीने एकाच चिठ्ठीवर तीन माळा ओवल्या. बाकीच्यांना मणी उरले नाहीत. रडारड सुरू झाली.

“बाई, हा काय बाजार?” मुख्याध्यापक म्हणाले.

“चिठ्ठी का गं नाही फाडलीस?” बाईंनी विचारले.

“आमचं आबा म्हंत्यात, चिठ्ठी जपून ठिवायची. तिच्याबिगर कारखान्याच्या काट्यावर उसाचं वजन हुत न्हाय.”

वर्ग हसला. नियम सांगताना कारण सांगायचे मी विसरलो होतो. मी पुढे होण्याआधीच बाई म्हणाल्या, “चूक माझी, सर.” मग स्वरालीकडे वळल्या. “चिठ्ठी हातात होती तोवर काय केलंस?”

“माळाच करीत बसले. मणीच सपलं.”

“मग पेशीनं थांबायचं कसं?”

“चिठ्ठी फाडायची. म्हंजे थांबंल.”

“आणि वही?”

“ती कपाटातच हाय की! लागलं तर परत उतरून घ्यायचं.”

मुख्याध्यापक उठले. दाराशी थांबून म्हणाले, “पुढच्या शनिवारी मणी जास्त आणा.”

मुले गेल्यावर बाई मला एवढेच म्हणाल्या, “दत्ता, पुढच्या वेळी कारणही तूच सांग.” तेव्हापासून सांगतो. यंदा मी दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. माझे विज्ञान बाईच घेतात.

बाईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. त्यांचे गुडघे कुरकुरू नयेत, इंदापूरची एसटी त्यांना वेळेवर मिळावी, आणि शंभराव्या वर्षीही शनिवारी सकाळी तिसरीचा वर्ग त्यांची वाट पाहत बसलेला असावा, ही मनापासून प्रार्थना.