कांदेपोह्यांना आलेला जर्मन

गेल्या वर्षी ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी नीउ-व्हेनेप या डच गावातल्या एका घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम झाला. पाहायचं होतं ते मुलाला. मुलगा जर्मन होता. आपल्याला पाहायला बोलावलं आहे, हे त्याला सांगितलेलं नव्हतं.

मुलगी नाशिकची, बेस्ट नावाच्या डच गावातल्या एका कंपनीत इंजिनिअर. या देशात आली तेव्हा पहिले काही महिने ती आमच्याकडे वरच्या खोलीत राहिली. तेव्हापासून ती मला ताई म्हणते. मुलगा तिच्याच कंपनीतला, सरहद्दीपलीकडच्या एका गावातून रोज गाडीने ये-जा करणारा. उन्हाळ्यात तिने त्याच्याबद्दल घरी सांगितलं. वडिलांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्यांच्या बालमित्राचा धाकटा भाऊ गेली वीस वर्षं नीउ-व्हेनेपला राहतो. वडिलांनी त्याला फोन केला आणि म्हणाले, "तू बघ आणि मला सांग. तू म्हणशील ते माझं."

मुलगी मला म्हणाली, "लग्न तर मी करणारच आहे ताई. पण बाबांशिवाय नको. काकांनी एक चांगला शब्द टाकला ना, तर बाबा येतील."

तिच्या आग्रहावरून मी त्या रविवारी गेले. मुलगी सकाळीच पोचली होती आणि काकूंना मदत करत होती. बाहेरच्या खोलीत काका होते आणि त्यांच्या ओळखीचं एक जोडपं, लायडस्खेनडाम-फोरबर्गहून आलेलं. समोर चकलीचं ताट होतं. फोरबर्गचे गृहस्थ दर दोन वाक्यांनंतर ताटात हात घालत आणि घास तोंडात असतानाच पुढचं वाक्य सुरू करत.

विषय जर्मनांचा होता. डच ऑफिसांमध्ये जर्मनांवरच्या विनोदांचा एक ठरलेला साठा आहे. इथे काही वर्षं काढलेल्या कुणालाही तो पाठ होतो. जर्मन माणूस समुद्रावर आला की फावडं घेऊन वाळूत खड्डा खणतो आणि दिवसभर त्यात बसतो. हॉटेलात पहाटे उठून तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकून ती अडवतो. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी लाल सिग्नलला उभा राहतो. आणि जर्मन भेटला की त्याच्याकडे आधी आपल्या आजीची सायकल परत मागायची. युद्धात जर्मन सैन्याने इथल्या लोकांच्या सायकली उचलून नेल्या होत्या, त्याची ती आठवण. एक शिवीही आहे, 'मोफ'. डच लोक ती आवाज खाली करून वापरतात.

फोरबर्गच्या गृहस्थांनी ती आवाज न उतरवता वापरली.

"मोफ येतोय म्हणजे आपण आधी सायकल मागणार," ते म्हणाले. "आमच्या ऑफिसात सगळे मागतात."

या गृहस्थांच्या आजी सांगलीच्या. त्या सायकलवर बसल्याचा उल्लेख त्यांनी केला नाही.

"अहो, सायकल सोडा," काका म्हणाले. "आपल्याकडे जर्मन म्हणजे काय? जर्मनचं पातेलं! चटकन तापतं, पटकन पोचा पडतो, आणि कल्हई करायचीही सोय नाही."

ॲल्युमिनिअमला जर्मन म्हणणारी पिढी त्या खोलीत होती, त्यामुळे हशा झाला. हसता हसता गृहस्थांच्या तोंडातून चकलीचा भुगा गालिच्यावर पडला. तो त्यांनी पायाने सोफ्याखाली सारला. मी ते पाहिलं, काकांनीही पाहिलं.

मग खेळ ठरला. कल्पना काकांची. मुलाने काही 'जर्मन' केलं की आपण शिट्टी मोजायची, कुकरची मोजतात तशी. पहिली शिट्टी, दुसरी शिट्टी. त्याला कळणार नाही आणि आपल्याला मजा. गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, "बघा हं, बिचारीच्या कानावर जाईल." काका म्हणाले, "ती आत आहे. आणि गेलं तर गेलं. आपल्या घरात आपण हसायचं नाही की काय?"

मुलगी स्वयंपाकघराच्या टोकाला कांदा चिरत होती. काकूंनी मिक्सर लावला होता. तिला काही ऐकू गेलं नाही.

गाडी ठरलेल्या वेळेच्या बरीच आधी आली. मुलगा उतरला नाही. काका आणि गृहस्थ पडद्याआडून बघत होते. तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, मधूनच ओठ हलवत होता. गृहस्थांनी फोन काढून त्याचं चित्रण केलं. वेळ झाली तशी त्याने बेल वाजवली. "पहिली शिट्टी," काका दार उघडायला जाता जाता म्हणाले.

त्याने दारात बूट काढले, पिशवीतून घरात घालायच्या स्वतःच्या चपला काढून पायात घातल्या आणि काकांना नमस्कार केला. "दुसरी," गृहस्थ सोफ्यावरून म्हणाले. मुलाला वाटलं, हा कुणाशी तरी चाललेला संवाद आहे. त्याने त्यांनाही नमस्कार केला.

गाडीत तो काय पुटपुटत होता ते मला नंतर मुलीने सांगितलं. काका, काकू, नमस्कार, खूप छान, पुरे. एवढंच तो घोकत होता. तिने असंही सांगितलं की स्वतःच्या लोकांवर हसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. जर्मनीत बाहेरून आलेल्यांच्या मुलांनी टिपिकल जर्मन माणसासाठी एक शब्द काढला आहे, 'आल्मन'. थंडीत घरभर खिडक्या उघडून हवा खेळवणारा, कचऱ्याच्या डब्यात शेजाऱ्याने काय टाकलं ते तपासणारा. हा मुलगा रोज संध्याकाळी तिला आपण दिवसभरात केलेले आल्मनपणे सांगायचा आणि दोघं हसायची.

पोहे त्याच्यासमोर करायचे असं काकूंनी ठरवलं होतं. गरम वाढता येतात म्हणून. स्वयंपाकघर बैठकीला लागूनच, मध्ये भिंत नाही. धूर ओढणारा पंखा लावला की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तो बंद होता. फोडणीत मिरच्या पडल्या आणि सगळ्यांना ठसका लागला. काका खोकले, गृहस्थ खोकले, मी खोकले. मुलगी शेगडीसमोर होती. तिला दम्याचा त्रास आहे. तिने एका हाताने ओटा धरला आणि दुसऱ्या हाताने पर्समधला पंप शोधायला लागली.

मुलगा उठला. "मी उघडू का?" असं त्याने इंग्रजीत विचारलं. खोकण्यात कुणी उत्तर दिलं नाही. त्याने मागच्या बागेकडची खिडकी उघडली, पर्समधून पंप काढून तिच्या हातात दिला आणि ती दोनदा ओढेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला.

"तिसरी," काका म्हणाले. या वेळी ते हसत नव्हते.

काकांच्या ऑफिसात एक सहकारी आहे. काकांनी दुपारचा डबा उघडला की तो काही न बोलता उठतो आणि खिडकी उघडतो. हे काकांनीच एका दिवाळीत सगळ्यांना सांगितलं होतं. तेव्हापासून ते जेवणाला ब्रेड नेतात. तो सहकारी जर्मन नाही, डच आहे.

पोहे वाढले गेले. वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. सगळे बसल्याशिवाय मुलाने चमचा उचलला नाही. काकूंनी त्याला इंग्रजीत विचारलं, "कसे झालेत?"

"खूप छान," तो मराठीत म्हणाला. मग थांबून इंग्रजीत, "मीठ थोडं जास्त आहे. पण खूप छान."

मीठ जास्त होतं.

"चौथी शिट्टी!" गृहस्थांनी मांडीवर थाप मारली.

मुलगा चटकन उठला आणि शेगडीकडे गेला. तिथे पोह्यांची कढई होती. त्याने ती उचलून मागे पाहिलं, बाजूचं बटण तपासलं, ओव्हनचं दार उघडून बघितलं. मग तो वळून मराठीत म्हणाला, "चार जास्त. तीन. मग बंद." आणि इंग्रजीत, "भात मऊ होईल. कुकर कुठे आहे?"

तिच्या घरी तो भात लावतो. तिसऱ्या शिट्टीला शेगडी बंद करायची हे काम त्याचं आहे. मराठीतले आकडे तो त्यामुळेच शिकला.

गृहस्थ इतके हसले की चहा त्यांच्या नाकातून आला. तो त्यांनी हाताने पुसला आणि हात सोफ्याच्या कडेला. काकाही हसले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मी बशी खाली ठेवली.

"कसल्या शिट्ट्या, काका?" मुलीने विचारलं.

"अगं काही नाही. आमची आपली गंमत."

"कुकर लावलेला नाहीये. मग कसल्या मोजताय?"

गृहस्थांच्या पत्नी म्हणाल्या, "तो काही जर्मन वागला की हे मोजत होते गं. गाडीतलं, चपलांचं, खिडकीचं, मिठाचं. मनावर घेऊ नकोस. पुरुषांचं असंच असतं."

मुलगा कढई हातात धरून उभा होता. मुलीने त्याला इंग्रजीत सांगितलं. गाडीत थांबलास, चपला आणल्यास, खिडकी उघडलीस, मिठाचं बोललास. न रडता, न थांबता सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि कढई जागेवर ठेवली.

"मग जिंकलं कोण?" त्याने काकांना विचारलं.

काका म्हणाले, "बस, बस. चहा घे." गृहस्थ म्हणाले, "आता सायकलीचं राहिलंच." मराठीत म्हणाले.

तो बसला. पोहे संपवले, बशीतला शेवटचा दाणासुद्धा. सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत थांबला, खूप छान म्हणाला, चपला पिशवीत घातल्या. मुलगी त्याच्याबरोबर गेली. जाताना ती काकूंच्या पाया पडली. काकांच्या पडली नाही.

मी बशा आवरायला थांबले. गाडी कोपऱ्यावरून वळली असेल नसेल, काकांनी नाशिकला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"दादा, मुलगा बघितला. शिकलेला आहे, नोकरी उत्तम. त्यात काही बोलायला जागा नाही. पण माणूसघाणा आहे. घरात आला तो स्वतःच्या चपला घेऊन. आपल्या फरशीला पाय लावायला नको. आपल्या फोडणीचा वास सहन झाला नाही, उठला आणि खिडकी उघडली. कुणाच्या घरात? आपल्या. हिने एवढ्या प्रेमाने पोहे केले, त्यांनाही नावं ठेवली, तोंडावर. उद्या तुमच्या घरी आला तर काय करेल, विचार करा."

मग वडील म्हणाले, "बरं झालं तू होतास."

त्या निवेदनात चपला होत्या, खिडकी होती, मीठ होतं. ठसका नव्हता, दमा नव्हता, शिट्ट्या नव्हत्या. मी वर्तमानपत्रात असताना अशी बातमी टेबलावर आली की आम्ही ती परत पाठवत असू. इथे ती छापून झाली होती. काकांनी फोन ठेवला, चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि मला म्हणाले, "जे घडलं तेच सांगितलं. एक शब्द पदरचा नाही."

"ठसक्याचं राहिलं," मी म्हणाले.

"ठसका काय, सगळ्यांनाच लागतो," काका म्हणाले.

गृहस्थ सोफ्यावर आडवे झाले होते. गाडीत पुटपुटणाऱ्या मुलाचं चित्रण ते कुठल्याशा ग्रुपवर टाकत होते. खाली काय लिहायचं ते त्यांनी पत्नीला विचारलं.

दुसऱ्या दिवशी मुलीने मला नाशिकचा नंबर दिला. माझं बाबा ऐकत नाहीत, तुम्ही बोला, म्हणाली. मी फोन केला.

"मी तिथे होते," मी सांगितलं.

"ताई, एकच सांगा," वडील म्हणाले. "यजमानाच्या घरात त्याने खिडकी उघडली का नाही?"

"उघडली. तुमच्या मुलीला..."

"आणि पोह्यांना मीठ जास्त म्हणाला?"

"म्हणाला. तिला दम्याचा..."

"मग माझा माणूस खोटं बोलला नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिथली माणसं एकमेकांना सांभाळून घेणार, ते मी समजू शकतो. पण हा आमच्या घरातला विषय आहे." त्यांनी फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तो उचलला गेला नाही. घडलेलं सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवलं. तो वाचल्याची खूण आली, उत्तर आलं नाही.

मुलीने लग्नाची तारीख दोनदा पुढे ढकलली. दोन्ही वेळा वडिलांना विचारून. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं की माझ्यासाठी थांबू नकोस.

लग्न या वर्षी एप्रिलमध्ये खेमेंतेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या कार्यालयात, नोंदवलं गेलं. मुलाकडून त्याचे आईवडील आणि बहीण आली होती. मुलीकडून तिच्या ऑफिसातली एक डच सहकारी आणि मी, दोघी साक्षीदार. आई नाशिकहून फोनवर पाहत होती, देवघराचं दार लोटून घेऊन. नीउ-व्हेनेपहून काका-काकू आले आणि पहिल्या रांगेत, वधूकडच्या खुर्च्यांवर बसले.

वडील आले नाहीत. जावयाशी ते अजून एकदाही बोललेले नाहीत. मुलीने हे मला गेल्या आठवड्यात सांगितलं आणि आईने त्याला दुजोरा दिला.